गल्ला किती असावा

"वीस कमी पडतात," नवरा म्हणाला. "पन्नास हवेत."

बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, कसले पन्नास. त्याने लॅपटॉपवरची नजर न काढता समजावलं. ऑनलाइन पोकरच्या टेबलावर एकदा बसायला जी रक्कम लागते, तिच्या पन्नासपट गल्ला हाताशी असावा. मग नशीब महिनाभर रुसलं तरी माणूस बुडत नाही.

"संख्याशास्त्र शिकलीस तू, आणि शिकवणी मी घेतोय."

ती हसली नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस झोप सोडून दुपारभर पत्ते कुटतो आणि वर गल्ला वाढवायच्या गोष्टी करतो. सकाळी त्याने बाळाच्या नावच्या ठेवीची पावती कुठे आहे, असं सहज विचारलं होतं.

"मग आहे तो गल्ला गेला कुठे?"

तो घुटमळला. मग सांगू लागला. 'आजोबा' नाव घेतलेला कुणी एक रोज नेमका त्याच्याच टेबलावर येऊन बसतो. याला चांगले पत्ते आले की म्हातारा आपले टाकून मोकळा, आणि हातात काही नसताना याने थाप मारली की बरोबर पकडतो.

"माझे पत्ते दिसतात की काय त्याला, कोण जाणे. पाणी मुरतंय कुठेतरी."

"मुरतंय खरं," ती म्हणाली.

"म्हणून म्हणतो, ठेव मोडू. वर्षात दुप्पट करून ठेवतो." पारडं आपल्याकडे झुकलंय असं वाटलं की मागे रेलायची त्याची सवय. तो रेलला आणि खुर्ची करकरली. "हिला तेल घालायला हवं. बाळ दचकतं."

"राहू दे. सवय झालीय त्याला." तिने शेवटच्या दुपट्याची घडी घातली. "ठेवीचं नंतर बघू. आता किती उरलेत?"

"तीनदा बसण्यापुरते."

"ते गेले तर खेळ बंद. ठेवीचं नावही काढायचं नाही."

"आणि वाढले तर मोडायची?"

"मोडू."

"बाळाशपथ," तो म्हणाला आणि खुशीत लॅपटॉपकडे वळला.

ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटताना तिने सवयीने मोबाइलचं वायफाय बंद करून नुसता डेटा ठेवला. बाहेरून त्याने टोमणा मारलाच, "लहरी चावतात ना बाळाला."

"चावू देत नाही मी," ती आतून म्हणाली.

बाळ मांडीवर झोपलं. घर शांत झालं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

'आजोबां'नी मोबाइलवर अंगठ्याने आपले पत्ते टाकून दिले आणि दुसऱ्या हाताने बाळाचं पांघरूण सारखं केलं.