नावावरचा तांदूळ

"कुनाचं?" नानासोनं विचारलं.

अंबूबाई दुकानाच्या पायरीवर उभी होती. नानासोचं दुकान म्हसवडच्या बाजारापासून जरा बाजूला, एकटंच. मडकी, पांढरं कापड, सुतळी, गुलाल. सगळं मयताचं सामान. मागं भिंतीला टेकून तांदळाचं एक पोतं. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळानं चुली विझत आणल्या होत्या, तरी हे पोतं कधी रिकामं होत नव्हतं. पण तो तांदूळ फक्त दहाव्याचा, पिंडाच्या भाताचा. मेलेल्याचं नाव सांगायचं, मगच माप मिळायचं.

अंबूबाईच्या घरात कुणी मेलं नव्हतं. तिची सहा वर्षांची रंगू मात्र मरायला टेकली होती.

रंगूला गहू चालत नव्हता. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "चपाती नको, रवा नको, गव्हाचा कणसुद्धा नको. ज्वारी द्या, बाजरी द्या, तांदूळ द्या." सांगायला काय जातं! रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, येत होती तोवर पोरगी तरली. मग नुसता गहूच यायला लागला. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, तीही गव्हाची. अंबूबाईचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला होता, त्याची पेन्शन पदरात होती. ती पदराला बांधून तिनं विट्यापर्यंतची दुकानं पालथी घातली. ज्वारीचा दाणा दिसला नाही. नोटा काही शिजत नाहीत.

घरात तिसरी बाई म्हणजे सासू, राहीबाई. सासू-सुनेचं एकाच गोष्टीत एकमत होतं. रंगू जगली पाहिजे. आणि एका गोष्टीत ते कधीच झालं नाही, ते म्हणजे तिचं रांधायचं कुणी.

"तुज्या हाताला कणीक लागलीया," सासू म्हणायची.

"तुमच्या लुगड्याला बगा आदी," सून म्हणायची. एकीनं पोरीचा तवा घासून ठेवला की दुसरी तो पुन्हा घासायची.

पहिल्यांदा या दुकानात आली तेव्हा अंबूबाईनं कडेगावच्या आतेसासूचं, शालूबाईचं नाव सांगितलं. म्हातारी नव्वदीची, आज ना उद्या जायचीच. नानासोनं माप भरताना ते नाव तीनदा पुटपुटलं. त्या तांदळाची पेज पिऊन रंगूच्या डोळ्यांत जीव आला. पाचव्या दिवशी कोपरा फाडलेलं कार्ड आलं. शालूबाई गेली होती. सासू रडली, अंबूबाईही रडली. वय झालंच होतं, असं दोघी एकमेकींना म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तिनं मुद्दाम कुंडलच्या गुंडाचं नाव घेतलं. तिचा मावसभाऊ. तिशीचा गडी, उसाच्या मोळ्या एका हातानं फेकणारा. असा माणूस नुसतं नाव घेतल्यानं थोडाच मरतोय? आठव्या दिवशी पुन्हा कार्ड. गुंडा गोठ्यात बसल्या जागी गेला होता. पोस्टमननं तारीख वाचली. तांदूळ आणला त्याच दिवसाची तारीख होती. सासूनं तांदळाचं मडकं चाचपून बघितलं. आपल्या हातून काय झालं ते अंबूबाईला कळलं. आणि रंगू भिंतीला धरून अंगणात चालायला लागली होती, तेही तिला दिसत होतं.

तिसऱ्यांदा तिनं जगात नसलेल्या माणसाचं नाव सांगून बघितलं. "तात्याबा. लांबचा हाय. नांदेडकडं असतो." नानासोनं माप पोत्यात खुपसलं आणि रिकामंच वर काढलं.

"ह्या नावाचं कुनी न्हाई, बाई," तो शांतपणे म्हणाला.

त्या गोष्टीला चार दिवस झाले. घरात दोन घास भाताइतकेही तांदूळ उरले नव्हते. रंगू पुन्हा अंथरुणाला खिळली. शेजारणीनं दयेनं दिलेला चपातीचा तुकडा ती चोरून खाताना सापडली आणि रात्रभर ओकत राहिली.

आज अंबूबाई चौथ्यांदा आली होती. वाटेत तिच्या ओठांवर स्वतःचंच नाव आलं होतं. ते सांगायला ती भ्यायली नसती. पण आपण गेल्यावर रंगूला रांधून कोण घालणार? सासूला धड दिसत नाही. तव्यावर पीठ राहिलं तरी म्हातारीला कळायचं नाही, आणि पोरगी आठवड्यात जाईल. म्हातारीचं तर सगळं बघून झालंय. तिची माया खोटी नव्हती, हे अंबूबाईला ठाऊक होतं. म्हणूनच ते नाव घेणं जड जात होतं.

"कुनाचं, बाई?" नानासोनं पुन्हा विचारलं.

"राहीबाई," ती म्हणाली. "माजी सासू."

नानासोनं नाव तीनदा पुटपुटलं. माप शिगोशीग भरलं आणि तिच्या पदरात ओतलं. अंबूबाईच्या डोळ्यांना धार लागली. म्हातारीच्या पायावर डोकं ठेवावं, असं तिला वाटलं. ती पायरी उतरायला वळली.

"त्या आताच येऊन गेल्या की," नानासो मागून म्हणाला.

"कोन?"

"तुमच्या सासूबाई. म्हनाल्या, पोरीचं रांधायला माज्याबिगर कुनाला जमायचं न्हाई. त्यांनी तुमचं नाव दिलं. मापबी घेऊन गेल्या."

अंबूबाईनं पदरातला तांदूळ घट्ट धरला. 

पोत्याचं तोंड आवळत नानासोनं सहज विचारलं, "मग आता पोरीला शिजवून घालनार कोन?"