हरकतीचा अर्ज

जॉय भिंगारदिवे या ख्रिस्ती मुलाशीच लग्न करणार, असं शुभांगीनं घरात सांगितलं, तेव्हापासून भानुदास खेडकर लेकीशी एक शब्द बोलले नव्हते.

एका दुपारी तिसगावातल्या त्यांच्या पिठाच्या गिरणीत चार पोरं आली. विवाह नोंदणी कार्यालयात लागलेल्या शुभांगी-जॉयच्या लग्नाच्या नोटिशीचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये होता.

"काका, पोरगी फसलीय तुमची. ह्या हरकतीच्या अर्जावर सही करा, बाकी त्या पोराचं आमी बघतो."

"लग्न कधी हाय?" भानुदासांनी विचारलं.

"सोमवारी, नगरला."

"अर्ज ठिवून जा. सोमवारी मीच येतो तिकडं."

सोमवारी ते एसटीनं नगरला पोचले. कार्यालयाच्या दारात तीच पोरं उभी होती. काका लग्न मोडायला आले, म्हणून त्यांनी हसत वाट करून दिली. बापाला पाहताच शुभांगीनं जॉयचा हात घट्ट धरला. भानुदास तिच्याकडे न बघता सरळ टेबलाशी गेले.

"साहेब, मी पोरीचा बाप. साक्षीदार म्हनून माजी सही घ्या."

सह्या झाल्यावर शुभांगी डोळे पुसत जवळ आली.

"अण्णा, राग गेला तुमचा?"

"न्हाई गेला."

दारातली पोरं अजून आत बघत होती. भानुदासांनी त्यांना ऐकू जाईल इतका आवाज चढवला.



"पन तो माज्या घरातला राग हाय. ह्यांच्या हातात न्हाई देनार."