फेकायच्या अळ्या

चिमट्यातली अळी वळवळत होती आणि गुहिरा तिच्याकडे बघायला तयार नव्हता. महेश्वरीने चिमटा आणखी बोटभर पुढे नेला. गुहिऱ्याने एक डोळा खिडकीकडे फिरवला, दुसरा छताकडे, आणि पिंजऱ्यातल्या बाभळीच्या फांदीला तसाच चिकटून राहिला. अंगावरचा पोपटी रंग जाऊन तो मातकट पडला होता.

"खा की रे बाबा," ती म्हणाली. "आजच्या दिवस तरी खा."

देवगाव फाट्यावर मोटरसायकलखाली पाय सापडलेला हा रंग बदलणारा सरडा वनरक्षक नागेशने आठ दिवसांपूर्वी तिच्या घरी आणून दिला होता. महेश्वरी सेलूच्या गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. बैलाच्या खुरापासून शेळीच्या दातापर्यंत सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. काडी बांधून तिने पाय जाग्यावर आणला, पण त्याच्या पोटापुढे मात्र तिची काही मात्रा चालेना. आज अकराला नागेश येणार होता. खात नसेल तर दूरच्या मोठ्या वन्यप्राणी उपचार केंद्रात न्यायचं, असं वरून ठरलं होतं. आठ दिवसांचा उपास आणि वर जीपमधले हादरे. तो तिथपर्यंत जिवंत पोचेल असं तिला वाटत नव्हतं.

अळ्या तिच्या भावाने, वैभवने, जिंतूरहून एसटीने पाठवल्या होत्या. तो सडक्या भाजीवर काळ्या माशीच्या अळ्या वाढवून कोंबड्यांना घालतो. "पांढऱ्या तेवढ्या घाल," त्याने फोनवर बजावलं होतं. "काळ्या पडल्यात त्या फेकून दे. हलतच न्हाईत तर त्याला दिसायच्या कशा?"

त्या दिवशी दवाखान्याची वेळ झाली म्हणून फेकायचं काम तिने सासूबाईंवर, नागुबाईंवर सोपवलं. चूक झाली ती तिथेच.

नागुबाईंच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नव्हतं. मेथी निवडताना अळी सापडली तर त्या ती पानासकट परसात नेऊन ठेवायच्या. अळ्यांचा डबा घरात आला त्या दिवशी त्यांनी नाकाला पदर लावला, पण डबा बाहेर काढायला लावला नाही. दुखणाईत जीव दारात आल्यावर नाही तरी कसं म्हणणार?

तळहातावरच्या इष्टलिंगाची पूजा आटोपून त्या आता बाहेर आल्या. कपाळावरची विभूती अजून ओलसर होती. हातात एक गाडगं, त्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा फडका बांधलेला. आत काहीतरी गुणगुणत होतं.

"रागावू नको," त्या म्हणाल्या. "त्या काळ्या तू फेकायला सांगितल्या होत्यास. मला फेकवल्या न्हाईत. जीव हाय म्हणून भुशात ठेवल्या. काल रातच्याला पंख फुटले बघ. परसात सोडायला निघालेय."

"आत्या, तुमी पण ना!" महेश्वरीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात सैल गाठीतून एक काळी माशी निसटली. जडशीळ, निवांत उडणारी. पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. ती आत शिरली आणि फांदीच्या शेंड्यावर जाऊन बसली.

गुहिऱ्याचे दोन्ही डोळे पुढे आले. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते एका जागी भेटले. तो जागच्या जागी झुलला, एक पाऊल सरकला, दुखरा पायही फांदीवर टेकवला. तोंड जरासं उघडलं. अंगाएवढी लांब जीभ गेली कधी आणि आली कधी, कळलंच नाही. शेंड्यावर माशी नव्हती.

महेश्वरी पिंजऱ्याजवळ वाकली. चिमटा हातातच राहिला. बारा वर्षं जनावरांत घालवून तिने इतकं नेमकं, इतकं देखणं काम पाहिलं नव्हतं.

मग तिची नजर गाडग्याकडे गेली, आणि लगेच खाली वळली. मागायचं तरी कोणत्या तोंडाने? इतके दिवस पदराआड सांभाळलेले जीव होते ते.

नागुबाईंनीही सगळं पाहिलं होतं. त्या गाडगं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. फडक्याखालची गुणगुण ऐकत होत्या. गुहिरा जबडा हलवत त्यांच्याकडेच एक डोळा लावून बसला होता.

"अळीला पळता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला धरून तोंडाम्होरं नेणं मला पटत नव्हतं. ह्यांना पंख हायत. ह्यांचं ह्यांनी बघावं, त्याचं त्यानं."

त्यांनी आधी खिडकी सताड उघडली. मग गाडगं पिंजऱ्याच्या दाराशी ठेवलं आणि स्वतःच्या हाताने फडका सोडला. काही माश्या उजेडाकडे गेल्या, खिडकीतून पार झाल्या. काही फांदीवर उतरल्या. नागुबाईंनी डोळे मिटले नाहीत. महेश्वरीला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. हातात अजून अळीचा चिमटा होता म्हणून ती थांबली.

अकराला दारात गाडी वाजली. नागेश पायऱ्या चढत बाहेरूनच म्हणाला, "ताई, पिंजरा द्या. जीप उभी हाय."

महेश्वरी उठायच्या आत नागुबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"चपला काढ आन् बस गप," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचं जेवण व्हायलंय."