चाळीस मिलीलिटर

अडीचशे घातलं होतं. परत आलं दोनशे दहा.

मामांनी मोजपात्र टेबलावर ठेवलं, गुडघे वाकवून आकडा डोळ्यांच्या रेषेत आणला आणि पुन्हा पाहिलं. दोनशे दहाच. संशोधनाला सहा महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी तोवर हॉटप्लेट लावायला वळली होती.

"हात मागे घे," मामा म्हणाले. "कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही."

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने मदतनीस. अख्ख्या इमारतीचे मामा, त्यामुळे सख्ख्या भाच्यांची बिचाऱ्यांची पंचाईत. त्यांचा एक हट्ट होता. फिरत्या फ्लास्कमधून चटकन पेट घेणारं सॉल्व्हंट तापवून वाफेनं उडवलं की पलीकडे थंड होऊन जमलेलं पुन्हा मोजायचं. टाकूनच द्यायचं, तर मोजायचं कशाला, असं पोरगीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "जेवढं घातलं तेवढं परत यायला हवं," मामा म्हणाले होते. "जे आलं नाही ते आपल्या छातीत गेलं." शिवाय दर दहा मिनिटांनी ते विचारायचे, "वास येतोय का काही?" तिला ती रोजची तोंडी परीक्षा वाटायची. आजही तीनदा विचारून झालं होतं आणि तीनदा ती "नाही" म्हणाली होती.

मामांनी खिडक्या सताड उघडल्या. यंत्रामागे वाकून पाहिलं. थंड पाण्याची धार मंदावली होती, आणि वाफ बाहेर नेणारी पंपाची नळी निसटून टेबलाखाली लोंबत होती. म्हणजे चाळीस मिलीलिटर या खोलीतच होतं. एक ठिणगी पुरली असती. त्यांनी पोरगीचं मनगट धरलं आणि तिला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"अगं बये, नेलपॉलिशसारखा वास मारतं ते. तुला येत कसा नाही?"

पोरगी रडकुंडीला आली. "सर्दी झालीय मामा. सकाळपासून नाक चोंदलंय. सांगितलं असतं तर तुम्ही घरी धाडलं असतं." मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "पण तुम्हाला कसा नाही आला?"

मामा बाकावर टेकले. बराच वेळ त्यांनी चष्माच पुसला.

"मला कुठलाच येत नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी तापात गेला, तो गेलाच. कुणाला बोललो नाही. कळलं तर नोकरीची उरलेली दोन वर्षं तळघरात बसवतील, काचेची भांडी पुसत. आकड्यांवर भागवत होतो. आणि तुझ्या नाकावर."

पोरगीला हसूही आलं आणि भरूनही आलं. छत्तीस वर्षं त्या एका टेबलापाशी उभा राहिलेला हा माणूस. त्याला तळघरात पाठवायचं म्हणजे काय!

"मी नाही सांगणार कुणाला," ती म्हणाली. "गळ्याशपथ."

तेवढ्यात विभागप्रमुख मॅडम नाकाला रुमाल लावून जिना चढून आल्या. "खालपर्यंत वास येतोय! काय झालं?"

पोरगी मामांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "नळी निसटली होती मॅडम. मामांना लगेच वास आला, म्हणून निभावलं."

खोटं बोलायचा सराव नव्हता. तिचे कान लालबुंद झाले. मामा फरशीकडे असे पाहत होते, जणू तिथे काही वाचायला ठेवलंय.

"अस्सं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दारातूनच आत नजर टाकली. "ती नळी आज तारेनं आवळून घेऊ. आणि तू, आवाज ऐक स्वतःचा. सर्दी जाईपर्यंत इकडे फिरकायचं नाही. तोवर मामांच्या शेजारी मी बसेन."

"तुम्ही?" मामा गडबडले. "तुम्ही कशाला मॅडम? मी एकटा करीन की."

"एकटे कसे कराल?" मॅडमनी रुमालाची घडी घातली. "नऊ वर्षं झाली मामा, दरवर्षी एक चांगलं नाक पारखून तुमच्याकडे शिकायला धाडतेय. यंदाचं नेमकं चोंदलं."