चारच्या पुढे

"एक, दोन, तीन, चार," चांगुणाने मोजलं आणि ती थांबली.

टेबलावर जीभ दाबून घसा बघायच्या आठ लाकडी पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. डॉक्टरांनी पाचवीवर बोट ठेवलं. "पुढे?"

चांगुणाने आईकडे पाहिलं. साळूबाई खिडकीबाहेर बघत होती. पहाटे पुणतांब्याला पॅसेंजर धरलेली. नगरला उतरल्यावर तीन रांगा झाल्या, केसपेपरची, वजनाची, छातीच्या फोटोची. दुष्काळी कामावर आज खडी फोडायचा खाडा. पोरगी आता कडेवर मावत नव्हती, तरी पायऱ्या चढताना घ्यावीच लागे.

"चारपर्यंतच येतं का हिला?"

"व्हय. तेवढंच शिकिवलंय."

डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मघाशी चांगुणाच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं. काळजाला भोक आहे, पण आवाज पुष्कळ कमी झालाय, म्हणजे ते भरत आलंय, म्हणाले. साळूबाईने नुसती मान हलवली. इतकी वर्षं कुणी ना कुणी ऐकत होतं आणि कागदावर लिहीत होतं. कागदावर सगळ्यात वर इंग्रजीत 'डाउन सिंड्रोम' लिहिलेलं असे. ते तिला वाचता येत नव्हतं. पोरीचे तिरपे डोळे आणि ओठांतून डोकावणारी जीभ मात्र अख्ख्या गावाला वाचता येत होती.

आज तिला चिठ्ठी हवी होती. चांगुणा रोज सकाळी रिकामी पिशवी खांद्याला अडकवून दारात उभी राहायची आणि पोरं शाळेत गेली की तिथंच बसकण मारून रडायची. शेवटी दत्तोपंत गुरुजी घरी आले होते. "डॉक्टरांकडून लिहून आण, ही शाळेत बसू शकते म्हणून. वयही त्यातच घे. मी पहिलीत नाव घालतो."

डॉक्टरांनी कोरा कागद ओढला. "बसू शकते. वय किती?"

"चार."

"चार वर्षांच्या मुलीला पहिलीत कोण घेईल, बाई?" त्यांनी जुने कागद चाळले. "एकोणसत्तरला चार. सत्तरला चार. एकाहत्तरला चार, गेल्या वर्षीही चार. आणि हिचे पुढचे दोन दात पडलेत. बैलाचं वय दातांवरून सांगता तुम्ही लोक, लेकीचं येत नाही? मोजता येत नाही का तुम्हाला?"

"येतं की," साळूबाई म्हणाली. "रोजचं मोजते."

"मग खरं वय सांगा. खोट्या वयावर मी सही करणार नाही."

साळूबाईने लेकीला जवळ ओढलं आणि दोन्ही तळहातांनी तिचे कान झाकले. गुदगुल्या होऊन चांगुणा हसू लागली.

"पयल्या डाक्टरसायबांनी सांगितलं हुतं," साळूबाई हळू आवाजात म्हणाली, "असली लेकरं पाचाच्या फुडं जात न्हाईत. म्हनून म्या तिला चाराच्या फुडं जाऊच दिलं न्हाई. घरात कुनी त्यो आकडाबी काढत न्हाई."



"खरं किती?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचाही आवाज आता खाली आला होता.

"पोळ्याला आठ सरली."

त्यांनी चिठ्ठीवर 'आठ' लिहिलं, सही केली आणि कागद तिच्या पुढ्यात सरकवला. साळूबाईने तो घेतला. घ्यायचा तर हात काढणं भाग होतं. कान मोकळे होताच चांगुणा टेबलाकडे वळली आणि पुन्हा एकेका पट्टीवर बोट ठेवू लागली.

"एक, दोन, तीन, चार."

ती थांबली. तिने आईकडे पाहिलं.

साळूबाईने पाचव्या पट्टीवर बोट ठेवलं.

"पाच," ती म्हणाली.