बुळबुळीत सूप

आज हारिमचा सातवा वाढदिवस आणि तिच्या ताईची विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. आमच्या कोरियात, इथे तेगूत, वाढदिवसाला मांस घातलेलं समुद्रशेवाळाचं सूप हवंच. पण परीक्षेच्या दिवशी ते बुळबुळीत सूप खाणारा घसरतो म्हणतात. ताई नुसता भात खाऊन गेली, आणि हारिमही वाडग्याला हात लावेना. मी पडलो गणिताचा मास्तर. म्हटलं, “सूप खाणारा घसरतो, असं धरू. तू खाल्लंस तर घसरणार कोण?” “मी.” “परीक्षा कोणाची?” “ताईची.” “मग खा की, वेडाबाई!” तिने चमचा उचलला, पुन्हा ठेवला. “पण बाबा, गेल्या वर्षी माझा वाढदिवस परीक्षेच्या आदल्या दिवशी आला, सूप मीच खाल्लं, आणि परीक्षेत घसरली मात्र ताई.” “अगं, त्याचा याच्याशी काय संबंध?” मी हसलो. “नाही?” “मुळीच नाही.” तिने गोंधळून माझ्या वाडग्याकडे पाहिलं. “मग तुमचा अजून भरलेला का?” माझ्या सुपावर चरबी थिजली होती.