एर्मिनियो उतरले

बसपुढे हजारभर मेंढरं उभी होती आणि त्यातलं एकही हलत नव्हतं.

गोयोनं इंजिन बंद केलं. "आता यांची मर्जी," तो म्हणाला आणि त्यानं सफरचंद काढून चावायला घेतलं.

नोएलियानं घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. दोन वाजता त्रुहिल्योच्या खानावळीत बेचाळीस पानं मांडली जाणार होती. गाइड म्हणून ही तिची तिसरीच सहल. उत्तर स्पेनमधल्या लेओनचे बेचाळीस पेन्शनर, पानगळीचे रंग बघायला दक्षिणेकडे निघालेले. ऑफिसचा नियम एकच होता: जेवढे न्याल तेवढे परत आणाल.

"दार उघड रे," मागून आवाज आला. एर्मिनियो. वय ब्याऐंशी, टोपी डोक्यावर, एक हात आधीच दारावर. "पाय मोकळे करतो. पाचच मिनिटं."

"आजोबा, बसमधून उतरायचं नाही," नोएलिया म्हणाली. गोयोनं तोवर दार उघडलं होतं.

ती त्यांच्यामागे धावली. ते मेंढरांच्या कडेकडेनं थेट कळपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. तिथे ओढ्यावर नवा पूल होता आणि पुलाअलीकडे गळ्यात मोठी घंटा बांधलेला एक मेंढा पाय रोवून उभा होता. मेंढपाळ मुलगी त्याला मागून ढकलत होती. तिचं नाव ओलाया. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"काकाचा पाय मोडला म्हणून यंदा मी एकटीनं डोंगरातून खाली हिवाळ्याच्या चराईला आणलीत," ती धापा टाकत म्हणाली. "तेवीस दिवस! नद्या ओलांडल्या, रेल्वे ओलांडली, आणि हे गाढव इथं अडून बसलंय."

"गाढव नाही, मेंढा आहे," एर्मिनियो म्हणाले. "तुला समोर काय दिसतंय?"

"पूल."

"त्याला काय दिसतंय?"

ओलायानं ढकलणं थांबवलं. एर्मिनियो कुरकुरत्या गुडघ्यावर हात ठेवून मेंढ्याच्या उंचीला वाकले. पुलाच्या तोंडाशी आडवा पांढरा पट्टा रंगवला होता, ताजा, चकचकीत.

"खड्डा दिसतोय त्याला. माती आणा. पालापाचोळा आणा. पोरी, तू पण!"

पोरी म्हणजे नोएलिया. कंपनीचा निळा कोट घातलेली नोएलिया ओंजळीनं चिखल आणू लागली. बसच्या खिडक्या उघडल्या. "डावीकडे राहिलंय गं!" पहिल्या सीटवरच्या अंपारोबाई ओरडल्या. "घरी पण अशीच पुसतेस का?"

पट्टा झाकला गेला. एर्मिनियोंनी खिशातून नाश्त्याचा पाव काढला, एक तुकडा मेंढ्याला दिला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

"आता बघू नका त्याच्याकडे. आपण बघितलं की त्याला वाटतं, काहीतरी गडबड आहे."

ते चालू लागले. ना घाई, ना मागे वळून बघणं. मधेच जीभ टाळूला लावून त्यांनी एक लांब, चढता आवाज काढला. घंटा वाजली. मेंढा निघाला. त्याच्यामागे दुसरं मेंढरू, मग दहा, मग सगळा ओढाच उलटा वाहावा तसा कळप पुलावर चढला. बसमध्ये टाळ्या पडल्या.

नोएलियानंही टाळ्या वाजवल्या. मग तिच्या लक्षात आलं की एर्मिनियो पलीकडे आहेत, आपण अलीकडे आहोत आणि ते थांबायचं नाव घेत नाहीयेत.

"आजोबा! बस इकडे आहे!"

"तुम्ही व्हा पुढे! मुक्काम त्रुहिल्योलाच ना?"

"हो, तीन रात्री!" ती बोलून गेली.

"मग परवा संध्याकाळी कळपासोबत पोचतो!"

"परवा? अहो, तुम्ही माझी जबाबदारी आहात!"

"कुठं सही करायची तेवढं सांग!"

"पुढे आत्याची जीप आहे, ताई!" ओलाया मधूनच ओरडली. "गादी आहे, गरम जेवण आहे. दोनच दिवस राहू दे त्यांना! माझ्यासाठी!"

नोएलियानं यादी काढून त्यांच्या मुलीला फोन लावला. एल्विरा नाव होतं तिचं. सगळं ऐकून एल्विरा कडाडली.

"गुडघा बदललाय त्यांचा! ब्याऐंशी वर्षांचा माणूस! आत्ताच्या आत्ता बसमध्ये बसवा त्यांना!"

"मी प्रयत्न करते, पण मधे मेंढरं..."

पुलापलीकडून पुन्हा तो लांब आवाज आला. मागोमाग भांडण. "डावीकडून ने, उजवीकडे चिखल आहे! चौदा वेळा कळप घेऊन आलोय मी इथून, मला शिकवतेस?" आणि मग खो खो हसणं.

"कोण ओरडतंय ते?" एल्विरानं विचारलं.

"तुमचे वडील."

नोएलियानं फोन पुलाच्या दिशेनं धरला.

"जीप आहे म्हणालात ना सोबत?" एल्विराचा आवाज मवाळ झाला होता. "गोळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. आणि तळाशी लोकरीचा कोट आहे. तेवढा घालायला सांगा. माझं ऐकत नाहीत."

नोएलिया बसमध्ये चढली आणि बॅग उपसू लागली.

"ऑफिसला काय सांगशील?" गोयोनं विचारलं.

"खरं तेच. एकजण पायी येतोय."

गोळ्या खिशात कोंबून, जाडजूड कोट दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून ती मेंढरांत शिरली. खिडक्यांतून एक्केचाळीस माणसं तिला वाट सांगत होती.